पिप, तू कुणाचा?

हैदराबादच्या अमीरपेठेत मैत्रीवनमच्या चौकात उभं राहून मान वर केली की आभाळ दिसत नाही, फ्लेक्स दिसतात. जावा, टेस्टिंग, एसएपी, क्लाउड, डेटा सायन्स आणि सध्या या सगळ्यांच्या डोक्यावर पायथन. आदित्य एन्क्लेव्हच्या जिन्यांवर पोरांची एवढी दाटी असते की एखादा नुसता उभा राहिला तरी गर्दीच्या रेट्याने कुठल्या ना कुठल्या डेमो क्लासला जाऊन बसतो. खाली झेरॉक्सच्या दुकानांत अख्ख्या कोर्सच्या नोट्स स्पायरल बाइंडिंग करून मिळतात. इंजिनीअरिंगची चार वर्षं एका पारड्यात आणि अमीरपेठेतले तीन महिने दुसऱ्या पारड्यात, असा इथला हिशोब आहे, आणि पारडं कुठलं जड ते नोकरी देणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

फ्लेक्सवर शिकवणाऱ्या सरांचा हाताची घडी घातलेला फोटो असतो, त्यांचा अनुभव असतो, ‘रिअल टाइम प्रोजेक्ट’ असतो, फीमध्ये सवलत असते. फक्त पायथन कुठलं, ते नसतं. फ्लेक्स वाचणाऱ्याला वाटतं, पायथन म्हणजे पायथन. हा गैरसमज पहिली बॅच सुरू होऊन पहिला तास संपेपर्यंत टिकतो. मग कळतं की पायथन एक नसतं. ती अनेक असतात, एकाच कॉम्प्युटरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

माझा भाचा नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने आला तो याच फ्लेक्सवर भरवसा ठेवून. आल्या आल्या त्याने सिकंदराबादच्या सीटीसीमधून, म्हणजे चिनॉय ट्रेड सेंटरमधून, जुना लॅपटॉप घेतला. सीटीसीत नवाही माल मिळतो, पण तिथला खरा जिव्हाळा जुन्या मालाशी. लॅपटॉपच्या झाकणावर कुठल्याशा कंपनीचा मालमत्ता क्रमांक खरवडून काढलेला होता आणि आत आधीच्या मालकांनी मागे ठेवलेली इस्टेट होती: पायथन 2.7, पायथन 3.6 आणि ॲनाकोंडा नावाच्या गठ्ठ्यासोबत आलेलं पायथन 3.8. सरांनी सांगितलं म्हणून भाच्याने त्यात 3.12 घातलं. अशी चार पायथन एका कीबोर्डाखाली नांदू लागली.

इथे पिपची ओळख करून द्यायला हवी. पायथन ही भाषा गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी 1989 च्या नाताळात, सुट्टीत काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून लिहायला घेतली. 1991 मध्ये ती बाहेर पडली आणि आज निम्मं अमीरपेठ तिच्यावर पोट भरतं. माणसाला सुट्टीत काय काय सुचू शकतं! आपल्याकडे सुट्टीत माळा साफ करतात. पायथनमध्ये लागणारं दुसऱ्यांनी लिहिलेलं तयार सामान इंटरनेटवरून उतरवून जागच्या जागी लावून देण्याचं काम पिप करतो. 2008 मध्ये इयन बिकिंग यांनी तो लिहिला. ‘पिप इन्स्टॉल’ म्हणायचं आणि पुढे वस्तूचं नाव सांगायचं, की सामान हजर.

पिपची गंमत अशी की तो स्वतःसुद्धा एक सामानच आहे. त्यामुळे पिप नवा करायचा तर तो आणायला पिपलाच पाठवावं लागतं. शिवाय त्याला स्वतःच्या तब्येतीची फार काळजी. तुम्ही त्याच्याकडे काहीही मागा. तो ते देतो आणि शेवटी सूचना टाकतो की माझी नवी आवृत्ती आलेली आहे, तेवढं बघा. नांदेडच्या संस्कारांत वाढलेल्या मुलाला कुणी दोनदा सांगितलं की ते करावं लागतं. भाच्याने ‘पिप इन्स्टॉल अपग्रेड पिप’ असा हुकूम सोडला. उत्तर आलं, रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड. म्हणजे जे हवं ते तुमच्यापाशी आहेच. दुसऱ्या दिवशी सरांच्या नोट्समधला हुकूम जसाच्या तसा टाईप केला, तर सामान आलं आणि खाली पुन्हा तीच सूचना: नवी आवृत्ती आलेली आहे.

“मामा,” त्याचा फोन आला, “एकीकडं म्हणायलंय झालंय म्हणून, आन एकीकडं म्हणायलंय नवीन आलंय म्हणून. खरं कुणाचं धरावं?”

दोघांचंही. हीच तर या प्रकरणातली मेख आहे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. लॅपटॉपात चार पायथन होती, आणि प्रत्येक पायथनचा स्वतःचा पिप असतो. चारही पिपांचं नाव पिपच. नुसतं ‘पिप’ म्हणून हाक मारली की जो रांगेत पहिला उभा असेल तो ‘ओ’ देतो. भाच्याच्या लॅपटॉपात पहिला उभा होता 3.6 चा पिप. नोट्समधला हुकूम मात्र थेट 3.12 च्या पिपपर्यंत जात होता.

3.6 चा पिप का समाधानी होता, तेही सांगण्यासारखं आहे. पिपच्या नव्या आवृत्त्या जुन्या पायथनला एका मर्यादेनंतर चालत नाहीत. 2.7 चा पिप 20.3.4 या आकड्यावर थांबला. 3.6 चा 21.3.1 वर. पुढे जगात कितीही नवे पिप निघोत, यांच्या नशिबी तेवढंच. 3.6 चा पिप इंटरनेटवरच्या सामानाच्या दुकानात जातो, आपल्या पायथनला चालेल असा सर्वांत नवा पिप कुठला ते बघतो, तो आपणच आहोत असं त्याला दिसतं आणि तो तृप्त मनाने परत येतो. वरच्या जागेची अपेक्षाच संपलेली असल्यामुळे लाभलेली ही शांती आहे. सरकारी खात्यात निवृत्तीला सहा महिने उरले की ती चेहऱ्यावर येते.

रांग कोण लावतं? तर पाथ नावाची एक यादी. पायथन बसवताना खिडकीच्या तळाशी एक बारीकसा चौकोन असतो: पायथन पाथमध्ये घालायचं का? काही जण तो चौकोन बघतच नाहीत. मग पायथन बसतं पण हाकेला येत नाही, आणि विंडोज त्याऐवजी मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडून देतं. काही जण तो चौकोन दर वेळी निष्ठेने भरतात. मग यादीत पायथनांची दाटी होते. लॅपटॉपाच्या आधीच्या मालकांमध्ये एक जण पहिल्या पंथाचा आणि एक दुसऱ्या पंथाचा असावा. भाच्याने 3.12 बसवताना तो चौकोन सोडून दिला, कारण सरांच्या नोट्सच्या झेरॉक्समध्ये नेमकं ते पान काळं आलं होतं.

मराठी मुलखात अनोळखी पोर अंगणात आलं तर म्हातारी माणसं त्याचं नाव विचारत नाहीत. “कुणाचा रे तू?” असं विचारतात. नावाने काय कळणार? गावात अर्धा डझन बाळू असतात. हा प्रश्न पिपलाही विचारता येतो, आणि तो मुकाट्याने उत्तर देतो. ‘पिप’ लिहून पुढे ‘डॅश डॅश व्हर्जन’ लिहायचं. तो आपला आकडा सांगतो, कुठल्या फोल्डरात राहतो ते सांगतो आणि ओळीच्या अगदी शेवटी कंसात बापाचं नाव सांगतो: पायथन 3.6. एवढा सरळ खुलासा करणारा प्राणी आणि तरीही जगभरात लोक त्याच्यावर खापर फोडतात, कारण ओळीच्या शेवटपर्यंत वाचण्याची सवय कुणालाच नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे मुळात हाक मारतानाच बापाचं नाव घ्यायचं. ‘पायथन डॅश एम पिप’. म्हणजे अमुक पायथनचा पिप, दुसरा कुणी नाही. विंडोजवर तर ‘पीवाय’ लिहून पुढे 3.12 की 3.6 ते सांगता येतं. दुसराही एक फायदा आहे. विंडोज चालू असलेली फाइल बदलू देत नाही, त्यामुळे पिपला त्याच्या नावाने बोलावून ‘स्वतःला बदल’ म्हटलं की तो अडून बसतो. तेच पायथनच्या मार्फत सांगितलं की विनातक्रार बदलतो. घरच्या मोठ्या माणसामार्फत निरोप गेला की कामं होतात, हे आपल्याला नवीन नाही.

खरं तर हैदराबादेत राहणाऱ्याला हे सगळं कुणी शिकवायला नको. या शहराने असा संसार आधीच करून पाहिला आहे. निजामाच्या राज्यात रुपया दोन प्रकारचा होता. एक निजामाचा, ज्याला हाली म्हणत आणि ज्याच्यावर पुढे चारमिनारची छाप आली. दुसरा इंग्रजांचा, तो कलदार. दोघांचंही नाव रुपयाच. सात हालीचे सहा कलदार होत. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे जालन्याचा व्यापारी असो की नांदेडचा, कुणी शंभर रुपये म्हटलं की त्याचा पहिला प्रश्न असे, हाली की कलदार? जो हा प्रश्न विचारायचा विसरे, तो शंभराला चौदा रुपयांहून जास्त बुडे. त्या पिढीतल्या कुणालाही रुपया अपग्रेड करायची सूचना येत नव्हती, पण रुपया कुणाचा हे विचारल्याशिवाय गाठ सोडायची नाही, हे बाळकडू होतं.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य गेलं. रुपया मात्र लगेच गेला नाही. तो हळूहळू, कुरकुरत, 1959 पर्यंत टिकला. आता पायथनचं पाहा. डिसेंबर 2008 मध्ये पायथन 3 आलं, तेव्हा पायथन 2 चं राज्य तत्त्वतः संपलं. प्रत्यक्षात ते संपायला 1 जानेवारी 2020 उजाडलं. मूळ मुदत 2015 ची होती, पण लोक हलेनात म्हणून ती पाच वर्षांनी वाढवावी लागली. अकरा वर्षं हालीला लागली आणि अकरा वर्षं पायथन 2 ला. एखादी चालू गोष्ट लोकांच्या खिशातून बाहेर काढायला एवढा वेळ लागतोच, मग ते नाणं असो की भाषा.

आणि जुन्या-नव्या पायथनचं भांडण कशावरून होतं? जुन्या पायथनमध्ये ‘प्रिंट’ लिहून पुढे मजकूर लिहिला की चाले. नव्यात मजकुराला कंस घालावा लागतो. जुन्यात पाचाला दोनाने भागलं की दोन येत. नव्यात अडीच येतात. वरचा अर्धा जुन्या काळी कोण खात होतं याची चौकशी झालेली नाही. कंस घालायचा या एका कल्पनेनेच माधापूरपासून कॅलिफोर्नियापर्यंतचे प्रोग्रामर असे बिथरले की जणू त्यांना मिशा काढायला सांगितल्या होत्या.

मी ज्या धंद्यात आहे, त्यात चालू असलेलं चालू ठेवायचं एवढंच काम असतं. त्याला मेंटेनन्स म्हणतात. 1998 मध्ये सायबर टॉवर्स या आयटी इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हापासून या शहरात जेवढं नवं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं, त्याहून जास्त जुनं सांभाळलं गेलं असावं, असा माझा आपला अंदाज. आमच्याकडे सर्व्हर बघणारे एक भाई होते, जुन्या शहरातले. नवा पोरगा उत्साहाने म्हणाला, भाई, या सर्व्हरवरचा पिप फार जुना आहे, अपग्रेड करू? भाईंनी पान बाजूला सरकवलं. “चल रा ना?” पोरगा म्हणाला, हो. “चल रा तो छेडो नक्को.” त्या सर्व्हरवर पायथन कधी घातलं होतं, असं विचारलं तर म्हणाले, “परसों.” हैदराबादी परसों म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस, त्यात कुतुबशाहीसुद्धा बसते.

भाईंचं खरं होतं, हे एप्रिल 2018 मध्ये सगळ्या जगाला पटलं. त्या महिन्यात पिपची दहावी आवृत्ती आली. पिपने नेहमीप्रमाणे सूचना टाकली, विंडोजऐवजी उबुंटू ही प्रणाली वापरणाऱ्या हजारो सज्जनांनी ती पाळली, आणि पुढच्याच हाकेला पिप मेला. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन’. झालं होतं असं की उबुंटूने बसवलेली जुनी हाकारी फाइल ‘मेन’ नावाचं दार ठोठावत होती, आणि नव्या पिपने ते दार आतल्या दालनात हलवलं होतं. फाइल जुनी, पिप नवा, दोघांची गाठ पडेना. तेव्हा कळून चुकलं की उबुंटूने दिलेल्या पिपला उबुंटूशिवाय कुणी हात लावायचा नसतो. मग त्याच वर्षी जुलैमध्ये पिपने दहावरून एकदम अठरावर उडी मारली, कारण आकडे आता सालाप्रमाणे द्यायचे ठरले. एप्रिलमध्ये दहा वर्षांचं पोर आणि जुलैमध्ये मतदार.

भाच्याचा रूममेट करीमनगरचा, हुशार पोरगा, आणि त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू 18.04. त्याने ठरवलं, किरकोळ सूचना पाळत बसण्यापेक्षा मुळावरच घाव घालू. उबुंटूचं स्वतःचं पायथन 3.6 होतं. त्याने 3.8 बसवलं आणि ‘पायथन 3’ ही पाटी 3.6 वरून काढून 3.8 च्या दारावर लावली. नंतर सामानाची यादी ताजी करायला गेला तर उबुंटूला ‘एपीटी पीकेजी’ नावाचं मॉड्यूल सापडेना, ते 3.6 च्या घरात होतं. घाबरून त्याने टर्मिनलची, म्हणजे हुकूम टाईप करायची, खिडकी बंद केली. आता पाटी पुन्हा जागेवर लावावी म्हणून टर्मिनल उघडायला गेला तर टर्मिनल उघडेना. कारण त्या उबुंटूत टर्मिनल उघडून देणारी फाइलसुद्धा पायथनमध्येच लिहिलेली होती, आणि तीही 3.6 लाच ओळखत होती. दुरुस्तीची हत्यारं ज्या खोलीत, तिचीच किल्ली मोडलेली. शेजारच्या खोलीतला एक जण “एमैंदि?” (काय झालं?) करत आला, त्याने कंट्रोल, आल्ट आणि एफ थ्री दाबून काळ्या पडद्यावरून पाटी परत लावून दिली आणि जाताना “दान्नि मुट्टुकोकु” एवढं बजावून गेला. हात लावू नकोस. भाईंचंच वाक्य, तेलुगू आवृत्तीत.

इतक्या लोकांची इतकी टर्मिनलं बंद पडल्यावर वरच्या मंडळींनी 2023 पासून कडक धोरण धरलं. उबुंटू 23.04 आणि डेबियन 12 पासून तुम्ही व्यवस्थेच्या पायथनमध्ये पिपने काही घालायला गेलात की पिप साफ नकार देतो. हे पायथन दुसऱ्याच्या ताब्यात आहे, म्हणतो. तरीही घालायचंच असेल तर एक शब्द जोडा, असंही सांगतो, आणि तो शब्द आहे ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’. व्यवस्था मोडा. इतकं प्रांजळ नाव मी दुसऱ्या कुठल्याही सरकारी अर्जात पाहिलेलं नाही. आणि तरी, अमीरपेठेतल्या झेरॉक्स नोट्समध्ये तो शब्द आता छापून येतो, टीप म्हणून.

शहाण्याने काय करावं, हे मात्र 2012 पासून पायथन 3.3 बरोबर घरपोच मिळतं आहे. त्याला व्हीएन्व्ह म्हणतात. प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी चूल. तिचं पायथन तिचं, पिप तिचा, डबे तिचे. एका चुलीवर जुनं तिखट चालतं, दुसरीवर नवं. थोरल्या घराच्या देवघराला कुणाचा हात लागत नाही. चूल बिघडली तर फोल्डर पुसून टाकायचं आणि दुसरी मांडायची, नात्यात कडवटपणा नाही. मी भाच्याला हेच सांगितलं. त्याने लगेच केलंही. फक्त रोज सकाळी ती चूल पेटवायला, म्हणजे ‘ॲक्टिव्हेट’ म्हणायला तो विसरायचा, आणि सामान पुन्हा 3.6 च्या पिपकडे जाऊन पडायचं. 3.6 च्या घरात आता एवढं सामान साचलं आहे की जुना मालक परत आला तर त्याला भाडं मागावं लागेल.

मुलाखत मात्र चांगली झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला पायथन येतं का? अमीरपेठेत या प्रश्नाला ‘येस मॅम’ हे उत्तर पाठ करून घेतात. भाचा म्हणाला, कुठलं? बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढचा अर्धा तास त्या एकट्याच बोलत होत्या. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये तीन पायथन होती आणि त्यांचं दुःख ऐकणारा माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

नोकरी लागली आणि भाच्याने मला नव्या जगाची बातमी दिली. “मामा, पिपचं दुकानच बंद करून टाकलंय. आता यूव्ही.” यूव्ही हे 2024 मध्ये आलेलं नवं हत्यार. पायथन तेच आणतं, चुली तेच मांडतं, सामानही तेच, आणि पिपच्या मानाने डोळ्यांचं पातं लवायच्या आत. मी म्हटलं, छान, सुटलास. थोड्या दिवसांनी यूव्हीचीच नवी आवृत्ती आली. भाच्याने यूव्हीला सांगितलं, स्वतःला अपग्रेड कर. यूव्ही म्हणालं, ते माझ्या हातात नाही. मला ज्याने बसवलं त्यालाच सांगा.

त्याला बसवलं होतं पिपने. कुठल्या पायथनच्या, ते भाच्याला आठवेना.